गुडघे टेकायचं बाक

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचं एक जुनं, बुटकं बाक आहे. माझ्यावर कोणी बसत नसे. माणसे माझ्यावर गुडघे टेकत. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये, वेदीसमोर माझी जागा होती. गहू गारपिटीत गेला की शेतकरी माझ्याकडे येत. गाणे संपले तरी उठत नसत. देवाशी भांडतसुद्धा.

पुढे मंडळी रोडावली. तरुणांना ओढायला गाण्यांचे शब्द दाखवणारा पडदा आणि ड्रम आले, आणि मला तळघरात रंगाच्या डब्यांखाली ढकलले. फक्त मंडळीतल्या म्हाताऱ्या इंगाआजी जिना उतरून येत, डबे बाजूला करत आणि गुडघे टेकत.

एकदा चर्चचा तरुण धर्मगुरू लायल खाली आला.

"आजी, वर उपासना चाललीय. तुम्ही इथे काय करताय?"

"बोलतेय त्याच्याशी."

"उत्तर मिळतं?"

"हल्ली नाही मिळत. बरीच वर्षं झाली."

"मग कशाला येता?"

"आमचे हे शेवटी शेवटी बोलत नव्हते. म्हणून मी काय शेजारी बसायचं सोडलं?"

लायल त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला. मग पुटपुटला, "माइकवर तासभर बोलतो मी. इथे एक शब्द सुचत नाही."

"मग गप्प राहा. त्याला कुठं घाई आहे."

त्यानंतर तो रोज येऊ लागला. त्याच वर्षी हिवाळ्यात इंगाआजी वारल्या. पुढच्या रविवारी लायलने स्वतः मला उचलून वर आणले. ड्रम थांबवून म्हणाला, "आज गाणी पुरेत. ज्याला देवाशी बोलायचंय, त्यानं पुढे यावं."

कोणी पुढे आले नाही. कोणी घड्याळ पाहिले, कोणी कोट चढवला. लायलने एकट्यानेच गुडघे टेकले. त्याचे खांदे हलत होते, ते मलाच कळले.

वसंतात तो नोकरी सोडून गेला. वर्षभरात चर्च विकले गेले. आता मी एका घराच्या दाराशी आहे. माझ्यावर बर्फात घालायचे बूट ठेवतात. माणसे भली आहेत, मला पुसतात, तेल लावतात. पण ओल आत मुरली आहे आणि माझा एक पाय कुजत चालला आहे.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मी काही टिकणार नाही. देवाशी बोलायला बाक लागत नाही. घरातली जमीन पुरते. कधीतरी गुडघे टेकून पाहा. उत्तर येईलच, असे मात्र मी सांगू शकत नाही.