पाटीवरचे सहा अंक

“नुसता आकडा पाहून पुढं नको जाऊ, ओमे. हाक मारत जाय,” दारावरच्या पाटीवर २८५७१४ लिहून झामसिंग गुरुजी हात झटकत म्हणाले.

“काऊन जी, तुमचा आकडा चुकून राहिला का?” ओमेश्वरी हसली आणि लेकीला, रिंकीला, ओढत शाळेकडे निघाली.

तो मंगळवार होता.

बायको गेल्यापासून गुरुजी एकटेच. आपण सकाळी उठलो, एवढं आमगावच्या त्या गल्लीला कळावं म्हणून ते पाटी लिहीत. सोमवारी १४२८५७. मंगळवारी त्याची दुप्पट, बुधवारी तिप्पट. सहा दिवस तेच सहा अंक, एकामागोमाग त्याच क्रमानं, फक्त सुरुवात बदललेली. रविवारी सातपट, म्हणजे सगळे नऊ. ओमेश्वरीनं बी.एस्सी.ला गणित घेतलेलं. जाता-जाता ती गुणाकार पडताळून बघे. लेकीला ताप आला की तिचा श्वास मोजत बसणारी बाई ती. पण या दारापाशी आकडा बरोबर निघाला की तिला तेवढंच पुरे वाटे.

बुधवारी ४२८५७१. गुरुवारी ५७१४२८. दोन्ही बरोबर.

शुक्रवारी घराला कुलूप लावून ती वळली, तर पुढं पळालेली रिंकी गुरुजींच्या दाराशी उभी राहून खडूची बोटं फ्रॉकला पुसत होती. पाटीवर ७१४२८५.

“हे तू लिहिलंस?”

“गुरुजी झोपूनच राहिले न. म्हणून मीच लिवते.”

“तुला गुणाकार कुठं येतो?”

“गुणाकार कायले? कालच्या पहिल्या अंकाहून जरासा मोठा शोधाचा. तिथून गोल फिरवाचं.” रिंकीनं हवेत वाटोळं काढलं.

“किती दिवस झाले?”

रिंकीनं तीन बोटं वर केली.

दार नुसतं लोटलेलं होतं. गुरुजी खाटेजवळ जमिनीवर पडलेले, तोंड एका बाजूला वाकडं, डोळे उघडे. ते तिच्याकडे पाहत नव्हते. दाराच्या फळीकडे पाहत होते. तिथूनच तीन सकाळी खडूचा आवाज आला होता.

गोंदियाच्या दवाखान्यात ते वाचले. उजवा हात गेला. मुलाकडे राहायला मात्र तयार झाले नाहीत, पुन्हा त्याच घरी आले. पुढं नवऱ्याची बदली झाली आणि ओमेश्वरी नागपूरला गेली. आज शनिवारी दुपारी तिनं गुरुजींच्या शेजारच्या रुख्माकाकूंना फोन लावला.

“गुरुजी कसे आहेत, काकू?”

“बरेच असतीन. आकडा त रोज बदलून राहिला.”

“लिहितं कोण?”



“मी कायले पाहू, बाई? पाटी दिसते, मी जातो आपली.”

ओमेश्वरी त्यांना हाक मारायला सांगेपर्यंत फोन कटला. मग लागलाच नाही. रिंकी समोर गृहपाठ करत होती. वहीवर खडू नव्हे, पेन्सिल होती. तरी ओमेश्वरीनं तिची बोटं उघडून पाहिली.

उद्या पहाटेच्या गाडीनं ती निघतेय. तुम्ही त्याआधी आमगावला उतरणार असाल, तर स्टेशनपासून तिसरी गल्ली, निळं दार. पाटीवर ८५७१४२ असेल. आकडा बरोबर असला तरी थांबा. हाक मारा, आणि आतून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.