एका खिळ्याची भिंत

गृहप्रवेशाला आम्हाला एकोणीस घड्याळं आली. चारशे वीस फुटांचा फ्लॅट, एक हॉल, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एकोणीस घड्याळं. आमच्याकडे कुणी घर घेतलं की नातेवाइकांना पहिली काळजी पडते, बिचाऱ्यांना आता वेळ कसा कळणार.

माझं घड्याळांशी वाकडं नाही. पण भिंत माझी होती. धुळ्याला देवपुरात मी ज्या खोलीत वाढले, तिथे आम्ही सात माणसं होतो आणि आमचं सगळं सामान भिंतींवर राहायचं. दप्तरं, चाळण्या, वडिलांची छत्री, भावाची सायकल, सात वर्षांची कॅलेंडरं एकावर एक. खोलीला रंग कोणता आहे हे मला ती सोडताना, सगळं उतरवल्यावर कळलं. गुलाबी होता. मला इतकं वाईट वाटलं की मी जिन्यात बसून रडले. तेव्हाच ठरवलं, आपल्या घरात एक भिंत पूर्ण रिकामी ठेवायची. नुसती बघायला.

जळगावच्या या फ्लॅटमध्ये दारासमोरची भिंत बुद्धांची आणि बाबासाहेबांची. तिथे वादच नाही. दुसरी खिडकीत गेली, तिसरी स्वयंपाकघराच्या दारात. उरली चौथी. तिला मी फिकट पिस्ता रंग दिला, तोही तीनदा, कारण पहिले दोन पिस्ते राजदीपला कारल्यासारखे दिसत होते. राजदीप म्हणजे माझा नवरा. घर सजवण्याचे जेवढे व्हिडिओ फोनवर आहेत तेवढे मी पाहिलेत आणि सगळ्यांत एकच सांगतात, छोट्या घरात एक भिंत मोकळी सोडा, घर मोठं दिसतं. खरंच दिसतं. रोज शाळेतून आले की मी चहा घेऊन तिच्यासमोर बसते. दिवसभर पन्नास पोरं कान खातात, ती भिंत एक शब्द बोलत नाही.

फक्त तिच्यात एक खिळा आहे. मी शाळेत असताना राजदीपनं गफूरभाई सुतारांकडून ठोकून घेतला, वेळप्रसंगी असावा म्हणून. मी दोघांना फैलावर घेतलं. गफूरभाईंनी शांतपणे ड्रिल पुसलं. "घाबरू नका, ताई. भिंत पापडासारखी आहे. हिला एकच भोक झेपतं. दुसरं पाडलं तर शेजारच्यांची भाजी कोणती ते इथून दिसेल."

तर एकोणीस घड्याळं गेली दिवाणात. दिवाण गफूरभाईंनीच केलेला, वर गादी, खाली पेटी. घड्याळांतले सेल काढायचे राहून गेले, ते आमच्या लक्षातही आलं नाही. कसं येणार? दिवसा आम्ही बाहेर असतो, संध्याकाळी खालचा रस्ता गर्जत असतो, रात्री आतल्या खोलीत पंखा घरघरतो आणि रविवारी आमचा मिक्सर चालू असतो.

आता आमच्याकडचा रिवाज असा की घड्याळ देणारा माणूस कधी ना कधी घरी येतो आणि चपला काढायच्या आधी आपलं घड्याळ शोधतो. म्हणून मी नियम केला. ज्याची पाळी, त्याचं घड्याळ खिळ्यावर. पाहुणा गेला की घड्याळ दिवाणात. पाच महिने हे सुरळीत चाललं. मग शनिवारी तोताराम मामांचा फोन आला.

तोताराम मामा म्हणजे राजदीपचे सख्खे मामा, धरणगावजवळच्या खेड्यात राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी ग्रामपंचायतीला उभं राहायचं ठरवलं आणि हौसेनं साठ घड्याळं छापून घेतली. तबकडीवर हात जोडलेले मामा, खाली 'आपला नम्र तोताराम भाऊ, एकदा संधी द्या'. घड्याळं आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. तेव्हापासून गावात कुणाचं लग्न असो की बारसं, मामा घड्याळ देतात. दोन्ही काटे त्यांच्या नाकातून निघतात. एरवी मामा सफाचट, पण पावणेतीन वाजले की काटे आडवे होतात आणि त्यांना मिशी येते.

आणि त्या वॉर्डातून निवडून कोण आलं? प्रमिलाफुई. राजदीपच्या वडिलांची सख्खी बहीण. जिंकल्यावर तिनंही आपल्या फोटोची घड्याळं काढली, ती तासाला कोकिळेसारखी ओरडतात. तेव्हापासून मामा आणि फुई एकमेकांशी बोलत नाहीत.

"उद्या जळगावले येस," मामा फोनवर म्हणाले. "जेवाले तुमनाकडे."

रविवारी सकाळी मी मामांचं घड्याळ पुसून खिळ्यावर लावलं. वरण उकळत होतं, वांगी भाजून झाली होती. सव्वाअकराला बेल वाजली. मामा आत आले, चप्पल पायातच, आणि भिंतीकडे बघून थांबले. बराच वेळ थांबले.

"लायेल शे," ते हळूच म्हणाले. म्हणजे लावलंय. मग चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं, तीन जिने चढून घाम आला असेल.

वर माझा वेताचा दिवा लटकत होता. धुळ्याच्या बाजारातून आणलेलं, कोंबड्या झाकायचं टोपलं उलटं टांगून मी तो केलाय, पाहणारे विचारतात कुठून घेतला. मामांनी मान वर केली. "सून, कोंबडी कोठे शे?"

मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. "राजदीप! लिफ्ट बंद शे का रे?"

प्रमिलाफुई! दोघं एकाच एसटीनं आली होती, मामा पुढे आणि फुई मागच्या सीटवर, सगळा रस्ता एकमेकांकडे न बघता. फुईचे गुडघे दुखतात म्हणून ती अजून पहिल्या मजल्यावर होती. मामांनी आवाज ओळखला, तोंड कडू केलं आणि हातपाय धुवायला बाथरूममध्ये शिरले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. राजदीपनं माझ्याकडे पाहिलं, मी दिवाणाकडे. त्यानं मामा खिळ्यावरून उतरवले, मी फुई पेटीतून काढली. घाईत मामा उताणे पडले, सगळ्यांच्या वर, हात जोडून. झाकण लावलं, गादी टाकली. फुई दारात आली तेव्हा फुई भिंतीवर होती.

"देख, कशी शोभस मी!" ती धापा टाकत म्हणाली आणि दारातल्या खुर्चीत बसली. तिथून पिस्ता भिंत तिला सरळ दिसत होती.

बाथरूमची कडी वाजली. आता मामा बाहेर येणार आणि आपल्या जागी फुई बघणार. या माणसाला वॉर्डानं हरवलं, राखीव जागेनं हरवलं, आता माझ्या पिस्ता भिंतीनंही हरवावं का? तेवढ्यात राजदीपनं आयुष्यात पहिल्यांदा चपळाई केली. तो उडी मारून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गफूरभाई बुटके, खिळा त्यांनी आपल्या उंचीनं ठोकलेला. फुईचं तोंड बरोबर राजदीपच्या मानेमागे गेलं.

"अरे, मना चेहरा झाकायना!" फुई म्हणाली.

"ऊन पडतंय, फुई," राजदीप म्हणाला. "रंग उडेल."

मामा येऊन दिवाणावर बसले. फुईकडे बघितलं नाही. फुईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी ताटं वाढली. गफूरभाईंचं घडीचं टेबल उघडलं की आमच्या हॉलमध्ये कुणालाच हलता येत नाही, त्या दिवशी ते बरंच झालं.

"बस ना रे भो," मामा राजदीपला म्हणाले. "उभा का बरं?"

"डॉक्टरांनी उभं राहून जेवायला सांगितलंय."

"पाठ भितले लाईसन?"

"तसंच सांगितलंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि त्यांच्या पानात भरीत वाढलं. राजदीप भिंतीला चिकटून, ताट छातीशी धरून जेवत होता. वरण त्याच्या शर्टावरून खाली चाललं होतं. त्या क्षणी मला त्याच्याशी लग्न केल्याचं खरोखर समाधान वाटलं.

मग बारा वाजले.

राजदीपच्या मानेतून कोकिळा ओरडली. एकदा, दोनदा, तीनदा. मामांचा घास हातात राहिला. "राजदीप, तुले काय व्हई राह्यनं?" राजदीप जोरजोरात खोकायला लागला, पण कोकिळेला बारा पूर्ण करायचे होते. ती संपते न संपते तोच मामांच्या खालून टोले सुरू झाले. टण्ण. टण्ण. मग दुसरं घड्याळ, मग कुठलीतरी बासरी. मामा ताट घेऊन उभे राहिले. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, गादी सारली आणि झाकण उघडलं.

आतून मामा मामांकडे बघत होते. हात जोडून. एकदा संधी द्या.

राजदीप भिंतीपासून बाजूला झाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिळ्यावर फुई हसत होती. मी म्हणाले, "मामा, चूक माझी आहे. मला भिंत रिकामी हवी होती. कुणाचंच घड्याळ इथं नसतं. जे येणार त्यांचं लावते, ते गेले की काढते."

मामा पेटीतल्या स्वतःकडे बघत राहिले. "म्हंजे मी येनार म्हनीसन लायं व्हतं?"

"हो."

"पुसं बी व्हतं? काच चमकी राह्यनी व्हती."

"पुसलं होतं."

मामा पेटीच्या कडेवर बसले. "साठ घड्याय वाटी टाकात मी," ते म्हणाले. "आतेपावत अकरा घर देखात. एकना बी भितवर नही. एकनी तं पानीनी टाकीवर झाकन करेल शे." त्यांनी नाक पुसलं. "आते दारमा उभा ऱ्हायनू नि माले वाटनं, एक तरी शे."

माझी भिंत, माझा पिस्ता, सगळं मला त्या मिनिटाला फार लहान वाटलं. मी म्हणाले, "मामा, आजपासून तुमचंच राहू द्या तिथे. कायमचं." आणि हे बोलताना माझा जीव तुटत होता, हेही खरं आहे.

मामांनी मान हलवली. "नको, पोरी. त्या अकरा घरस्मा कोनी मन्हासाठे इतली बी धावपय नही करी." त्यांनी राजदीपच्या वरणानं भिजलेल्या शर्टाकडे बोट दाखवलं. "हाऊ तं उभा ऱ्हाईसन जेवना."

मग फुई बोलली, खिडकीकडेच बघत. "मन्हा घरमा बी नही लायेल. मनी सूननी उतारीसन टीव्ही लाया. मी मेंबर शे तरी."

मामा तिच्याकडे वळले. चार वर्षांनी. "खरंच?"

"तुनी आन."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. फुईनं उठून त्यांना पाणी दिलं. मग मामांनी स्वतः फुईचं घड्याळ खिळ्यावरून काढलं, पेटीत आपल्या घड्याळाशेजारी ठेवलं आणि झाकण लावलं. भिंतीकडे बघून म्हणाले, "बरी दिखस मोकळी. मी येसू तवय लायजो." जाताना दोघं एकाच रिक्षात बसली.

आता मामा महिन्यातून एकदा येतात आणि आदल्या दिवशी न चुकता फोन करतात. मी घड्याळ पुसून लावते. ते दारात थांबतात, बघतात, मगच चप्पल काढतात. ते गेल्यावर घड्याळ लगेच काढायचं असतं, नियम माझाच आहे. पण कधी पेपर तपासायचे असतात, कधी कंटाळा येतो, आणि ते दोन-चार दिवस तिथेच राहतं. शाळा सकाळची असली की मी अडीचला घरी येते. चहा करते, समोर बसते आणि मामांना मिशी येण्याची वाट बघते.