स्वातंत्र्याचं सूत

पाद्रीबाबांच्या अंगणात सकाळपासून चाळीस चरखे फिरत होते. इंग्रजांच्या वसाहतीतल्या न्यूपोर्टच्या घरंदाज बायकांनी विलायती कापड टाकलं होतं, चहा टाकला होता, आणि रासबेरीच्या पाल्याचा काढा वाकड्या तोंडाने पीत त्याची तारीफ करत होत्या. विलायतेतल्या राजाने कर लादले म्हणजे आम्हाला गुलामच केलं, असं प्रत्येकीचं म्हणणं. ते ऐकून काढा वाढणाऱ्या झिल्पाच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. तिला सातव्या वर्षी गिनीच्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबून आणलं होतं. यांना कोणी कोंबलं होतं?

पण आज तिलाच कविता म्हणायची होती. तिच्या मालकीणबाई, मर्सी थर्बर, गावभर मिरवत होत्या, "आमची झिल्पा कविता करते, बरं का!" पोपट पाळल्याचं सांगावं तसं.

फाटकाशी घोडागाडी उभी होती. मर्सीबाईंच्या भाचीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नाची भेट म्हणून झिल्पाची सहा वर्षांची लेक डॉर्कस परगावी निघाली होती. चांदीचे चमचे द्यावेत तशी. पोर गाडीत बसून बोटं चोखत होती.

"झिल्पे, ये, म्हण आता," मर्सीबाईंनी हाक मारली.

झिल्पाने किटली खाली ठेवली. "नाही म्हणणार, बाईसाहेब."

चरखे थांबले.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही सगळ्यांनी चहा सोडलात. मी कविता सोडली. डॉर्कस गाडीतून उतरेपर्यंत."

"जीभ फार लांब झालीय तुझी! कागद दे इकडे. पाद्रीणबाई वाचतील."

"कागद सकाळीच चुलीत घातला. कविता आता इथंच आहे." झिल्पाने कपाळावर बोट ठेवलं. "फोडून बघायचं तर बघा."

कोणीतरी खुदकन हसलं. मर्सीबाईंचा चेहरा लालबुंद झाला. चाळीस घरांत त्यांची शोभा व्हायची वेळ आली होती. त्या घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "बरं बाई, तुझंच खरं. म्हण कविता. झाली की पोर उतरेल."

"शब्द देता?"

"एवढ्या जणींसमोर देतेय ना!"

झिल्पाने गाडीकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्या म्हणायला लागली.

"ज्या हातांनी सूत काढले, ते न कुणाचे दास,
बेड्या घडवत बसशी राजा, सोड आमुची आस!"

ती म्हणत होती पोरीसाठी, आणि तिच्या आवाजात अशी धार आली होती की बायका हमसून रडू लागल्या. पाद्रीणबाईंनी तर रुमालात तोंड लपवलं. प्रत्येकीला वाटलं, ही आपल्याबद्दलच बोलतेय!

कविता संपली. टाळ्या झाल्या. मर्सीबाई हसतमुखाने फाटकापाशी गेल्या आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हाक."

"आई!" डॉर्कस ओरडली. गाडी वळली.

"बाईसाहेब, शब्द दिला होता तुम्ही!"

"गुलामाला दिलेला कसला शब्द? वेडी कुठली!"

झिल्पा गर्रकन वळली. "तुम्ही ऐकलंत ना? पाद्रीणबाई, तुम्ही ऐकलंत. सांगा की यांना!"

पाद्रीणबाईंनी कातायचा पेळू हातात घेतला. शेजारणीने चाक फिरवलं. एकेक करत सगळ्यांनी माना खाली घातल्या. सूत महत्त्वाचं होतं, स्वातंत्र्याचं सूत. गाडी वळणाआड गेली तरी एकीनेही मान वर केली नाही.

झिल्पाने मर्सीबाईंचा चरखा दोन्ही हातांनी उचलला आणि दगडी पायरीवर आपटला. चाकाचे तुकडे अंगणभर उडाले.

तेव्हा मात्र साऱ्याजणी किंचाळल्या.