जेवणानंतरचा अंगारा

वरसाव्याच्या पत्र्याच्या शेडखाली दर गुरुवारी दोन रांगा लागत. पुरुषांची रांग छोटी असे, कारण त्यांना नोकरी, बढती आणि शेजाऱ्याचं वाटोळं एवढंच हवं असे. बायकांची रांग मात्र घोडबंदर रोडपर्यंत जाई आणि ट्रकवाले हॉर्न मारून तिला परत शेडकडे ढकलत. या बायकांना जे हवं होतं ते आजवर कुठल्याही देवाने दिलं नव्हतं. राघोबाबा देत होता. त्याचा अंगारा खाल्ला की बाईची पाळी थांबून राहायची.

हे थोतांड असतं तर सुरुचीला बरं वाटलं असतं. पण पाळी खरंच थांबायची. नवघरच्या एका बाईच्या मुलीची म्हणे वऱ्हाड परत जाईपर्यंत थांबली होती. कार्य उरकलं, अंगाऱ्याची पुडी बंद केली, की दोन-तीन दिवसांत ती हजर. एवढं शहाणपण भाईंदरच्या नळाच्या पाण्यालाही नव्हतं.

साल एक्क्याण्णव. सुरुची भाईंदर पश्चिमेला एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला होती. फार्मसीचा डिप्लोमा घेऊन ती रोज दहा तास उभी राहायची आणि लोकांना खोकल्याची बाटली आधी हलवायला सांगायची. पाळीच्या दुसऱ्या दिवशी तिची कंबर मोडून यायची. कॉलेजपासून ती तारखा डायरीत लिहीत असे, त्यामुळे तो दिवस कधी येणार हे तिला आधी कळायचं. त्या दिवशी ती डबा जड घ्यायची नाही, वरच्या फळीवरची औषधं आदल्या दिवशीच खाली काढून ठेवायची आणि मालकाकडे स्टूल मागायची. मालक म्हणायचा, गिऱ्हाइकाला बसलेला माणूस आळशी वाटतो. मालक स्वतः बसून बोलायचा.

घरी नवघरला वन रूम किचन होतं. आई, भाऊ स्वप्नील, ममतावहिनी आणि सुरुची. गिरगाव सोडून इथे आल्यावर आईने सगळं बदललं, दूधवाला बदलला, भाजी बदलली, पण चार दिवस बाजूला बसायची रीत काही बदलली नाही. अडचण अशी की दोनशे पंचवीस चौरस फुटांत बाजूच नव्हती. शेवटी चपलांचा स्टँड आणि फ्रीज यांच्या मधली जागा बाजू ठरली. वहिनी तिथे चटईवर बसायची आणि तिथूनच मीठ कुठे, रॉकेल कुठे, स्वप्नीलचा सॉक्स कुठे, हे सगळ्यांना सांगायची. तिला शिवायचं नव्हतं, पण तिच्याशिवाय कुणाला काही सापडतही नव्हतं. सुरुची स्वतः दुकानात पाळते असं सांगून सुटायची. म्हणजे पाळायची काहीच नाही.

अशा घरात राघोबाबाचा अंगारा पोचला नसता तरच नवल. श्रावणातल्या पूजेसाठी वहिनीला पहिली पुडी आली. मग गौरी-गणपती. मग आई म्हणाली, पितृपक्षात पितरांना तरी का दुखवा. आणि आता तर नवरात्रच. मधे दोनदा पुड्या थांबवल्या तेव्हा वहिनीच्या अंगावरून इतकं गेलं की ती भिंत धरून चालत होती. बाबाने सांगितलं, साठलेला विटाळ निघतोय, चांगलं लक्षण आहे, पुडी वाढवा.

आईच्या आग्रहावरून सुरुची एकदा त्या शेडमध्ये गेली होती. मधोमध धुनी, मागे भगव्या कफनीत राघोबाबा, बाजूला पितळी डबा घेऊन त्याचा शिष्य. पुरुषांच्या कपाळाला बाबा धुनीतली राख लावायचा. बायकांना पुडी डब्यातून मिळायची. धुनीच्या राखेत कुठेकुठे काहीतरी चमकायचं. ती चांदी आहे, बाबाची देवी, माई, रात्री येऊन टाकून जाते, असं रांगेतल्या बाईने सुरुचीला दबक्या आवाजात सांगितलं.

"माई बोलते, थांब. तर थांबतं," बाबा गर्दीला सांगत होता. "डॉक्टर लोक को पूछो, कैसा थांबता है. डॉक्टर चूप. साइन्स चूप. पण नियम पाळायचा. तारखेच्या तीन दिवस आधी चालू करायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकेक पुडी. जेवणानंतर. एक जरी चुकली तर माई रुसते, मग आम्हाला बोलायचं नाही."

सुरुची दिवसातून पन्नास वेळा पाकिटांवर हेच लिहायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर. देवाची कृपा उपाशीपोटी का चालत नाही, असं तिने परत येताना आईला विचारलं. आई म्हणाली, तू चार बुकं शिकलीस म्हणून माईला शिकवू नकोस. सुरुचीला तो शिष्यही कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला होता. पण ती दमलेली होती. घरी येऊन ती झोपली. नंतर तिला स्वतःचा राग आला तो या झोपेचा.

नवरात्राच्या चौथ्या माळेला वहिनीची डावी पोटरी सुजली. लाल झाली, गरम लागू लागली. आईने तिळाचं तेल कोमट करून चोळायला घेतलं. सुरुची कामावरून आली, तिने पोटरी पाहिली आणि आईचा हात धरला. रिक्षातून तिघी डॉक्टर मृणालिनी पुरंदऱ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला. शिरेत रक्ताची गाठ झालीय, म्हणाल्या, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचं जातं, चोळायचं तर अजिबात नाही, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. मग त्यांनी विचारलं, सत्तावीस वर्षांच्या धडधाकट मुलीला हे होतं कसं, कुठल्या गोळ्या चालू आहेत?

"गोळी नाही हो डॉक्टर. डोकं दुखलं तरी घेत नाही मी," वहिनी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

अंगाऱ्याचं सुरुचीने सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, संशय येतोय, पण राखेवरून मला नक्की सांगता येणार नाही. काहीही असो, ते आधी बंद करा.

हॉस्पिटलात इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुची डबा घेऊन गेली, तर वहिनीच्या उशीखाली तीन पुड्या. आईनेच दिल्या होत्या. घरी घट बसलेत, आणि आता बंद केली तर ऐन नवरात्रात येईल, माई रुसेल, पाय आणखी सुजेल. वहिनीचंही तेच म्हणणं. सुरुची चिडली, समजावून पाहिलं, पुड्या काढून घेतल्या. आई शांतपणे म्हणाली, "घे. माझ्याकडे अजून आहेत."

त्या दिवशी गुरुवार होता. सुरुची तिथूनच वरसाव्याला गेली.

रांगेत उभं राहायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती सरळ पुढे गेली, बायका ओरडल्या, ती बाबासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं की पुडीत काय आहे. माझी वहिनी हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांना कळायला हवं.

"राख आणि माईची कृपा," बाबा म्हणाला. "तुझ्या वहिनीचं काही चुकलं असेल. पुडी चुकली असेल."

"एकही चुकली नाही. म्हणून तर हॉस्पिटलात आहे."

बोलता बोलता तिची नजर पितळी डब्यामागच्या शिष्यावर गेली, आणि या वेळी तिने त्याच्या कपाळाच्या भस्माखालचा माणूस पाहिला. बबन. दर सोमवारी पँट-शर्टात दुकानात यायचा. पाळी लांबवायच्या गोळ्यांच्या वीस पट्ट्या घ्यायचा. चिठ्ठी मागितली की मालक म्हणायचा, जुनं गिऱ्हाईक आहे, दे. एवढ्या कुणाला, असं सुरुचीने एकदा विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, मंडळींना. किती मंडळी आहेत तुम्हाला, असं विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. आज ती सगळी मंडळी तिच्या मागे रांगेत उभी होती.

तिने बाबाचा चिमटा उचलला. बाबाने हात पुढे केला, पण धुनी मधे होती आणि ती खरोखरच गरम होती. सुरुचीने राख उकरली. माईची चांदी वर आली. करपलेल्या, वळलेल्या पत्र्याचे तुकडे, गोळीच्या आकाराचे गोल फुगवटे असलेले. एका तुकड्यावर औषधाची निम्मी अक्षरं शाबूत होती. पट्ट्या जाळून पुरावा नाहीसा करायची कल्पना कुणाची होती कोण जाणे, पण ॲल्युमिनियम काही जळून राख होत नाही. हे शाळेत शिकवतात.

तो तुकडा तिने बबनसमोर धरला. "बबनराव, माझ्या वहिनीच्या पायात गाठ झालीय. ती फुप्फुसात गेली तर तुम्ही कुणाला सांगाल, मला का पोलिसांना? पुडीत किती गोळ्या?"

बबनने बाबाकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून समाधीत गेला होता. त्याची समाधी नेहमी अशी वेळेवर लागायची.

"एक," बबन म्हणाला. "खलबत्त्यात कुटून. बाबांनी बोलले म्हणून आता दोन-दोन. मला न्हाय माहीत ताई, पायाला काय होतं ते. माझ्या बायकोला पण देतो मी."

सुरुचीला खरं तर खाली बसायचं होतं, पण आता बायकाच पुढे सरकल्या आणि विचारू लागल्या, म्हणून तिने उभ्या उभ्याच सांगितलं. दर महिन्याला गर्भाची पिशवी आतून अस्तर तयार करते, गर्भ राहिला तर त्याला आधार म्हणून. गर्भ नाही राहिला की अंगातलं एक हार्मोन उतरतं आणि ते अस्तर रक्तावाटे पडून जातं. झाली पाळी. त्यात घाण नाही, पाप नाही. गोळीत तसंच हार्मोन असतं. गोळी पोटात जाते तोवर अस्तर टिकतं, बंद केली की पडतं. माई हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. गोळी वाईट नाही, पण कुणाला चालते, किती दिवस चालते, हे डॉक्टर बघून ठरवतात. राखेत मिसळलेली गोळी खाणारीला आपण औषध खातोय हेच माहीत नसतं, आणि डॉक्टरने विचारलं तर ती नाही म्हणते.

एका बाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती गोळी तुमच्या दुकानात मिळते ना?"

सुरुचीने बबनला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. वहिनीच्या खाटेजवळ उभं राहून त्याने पुन्हा सगळं सांगितलं. आई त्याच्या कपाळावरच्या भस्माकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतल्या उरलेल्या पुड्या काढून डॉक्टरच्या हातात दिल्या. तिसऱ्या दिवशी, घट बसलेले असताना, वहिनीला पाळी आली. पायाची सूज उतरायला लागली होती. माईला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही, कारण राघोबाबा शेड रिकामी करून गेला होता. काही म्हणतात वसईला. पोलिसांत तक्रार झाली, ती कुठवर गेली हे विचारायला सुरुचीला दोनदा सुट्टी काढावी लागली. चिठ्ठीशिवाय ती गोळी मी देणार नाही, असं तिने मालकाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बसून विचार करत होता.

पुढच्या आठवड्यात दुकानात अकरा बायका आल्या, त्याच गोळीसाठी. अकराही जणींना सुरुचीने डॉक्टरची चिठ्ठी आणायला सांगितलं, आणि प्रत्येकीला विचारलं, मुळात लांबवायची कशाला? नऊजणींनी सांगितलं, पूजा आहे. एकीने सांगितलं, सासू आहे. अकरावी पुढच्या मेडिकलमध्ये गेली.

दिवाळीनंतर सोसायटीच्या सत्यनारायणाला यजमान म्हणून स्वप्नील आणि ममताला बसवायचं ठरलं. तळमजल्यावरच्या गोदूबाई तारीख पक्की करायला वर आल्या. वहिनी पाय उशीवर ठेवून पलंगावर बसली होती. तिने आता सुरुचीसारखी डायरी ठेवली होती, ती उघडून तिने सांगितलं की रविवार तिचा दुसरा दिवस आहे, त्या दिवशी दोन तास मांडी घालून बसणं तिला जमणार नाही, बुधवारनंतर जमेल. गोदूबाईंनी तोंडावर पदर धरला. विटाळाचं सोड, पण लोक काय म्हणतील, म्हणाल्या. आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, सुरुची मेडिकलमध्येच आहे ना, मग पाळीच चार दिवस पुढे ढकलली तर?

आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पूजा पुढे ढकला, गोदूबाई," ती म्हणाली. "पूजेच्या पायात गाठ होत नाही."