झाकणाच्या आतली बाजू

मित्रांनो, मी एक चावीचं मनगटी घड्याळ आहे. म्हातारा आहे, चिडका आहे, आणि कोणी मला ‘क्लासिक’ म्हटलं की माझी स्प्रिंग आवळते. सध्या मी जबलपूरला, राइट टाउनात, गौरांग नावाच्या माणसाच्या मनगटावर राहतो. त्याचं माझं पटत नाही. काहून पटत नाही, ते ऐका.

माझा पहिला मालक अंबादास. तोफांच्या कारखान्यात लेथ मशीनवर होता. लोखंडाचा कीस उडून काच फुटू नये म्हणून तो मला उलटा, तळहाताच्या बाजूनं बांधायचा. त्यामुळे मी जग पाहिलं ते सगळं खालूनच: डब्यातली पोळी, विडी, सायकलचं हँडल. रोज सकाळी तो मला चावी द्यायचा आणि मगच कारखान्याचा भोंगा वाजायचा. एकदा मी आळसानं पाच मिनिटं थांबलो, तर सूर्यही नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाच मिनिटं खोळंबला होता. विचारा कोणालाही.

अंबादास बरगीला मासे धरायला गेला, तेव्हा पट्टा तुटून मी धरणात पडलो. एका माशानं मला गिळलं. तीन दिवस मी त्याच्या पोटात टिकटिक करत होतो. त्या माशाला अशी शिस्त लागली की बाराच्या ठोक्याला खायला वर यायचा. चौथ्या दिवशी अंबादासनं बाराच्याच ठोक्याला गळ टाकला.

मला सुकवलं रामराव घड्याळवाल्यानं. बड़ा फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत त्याचं टपरीएवढं दुकान. घड्याळ दुरुस्त झालं की तो पाठीचं झाकण उलटं धरायचा आणि आतल्या बाजूला सुईनं बारीक कोरायचा, कोणत्या साली काय दुखणं होतं ते. जुने कारागीर असंच करतात. मालकाला ते कधी दिसत नाही. पण माझ्या खरेपणाचा पुरावा म्हणाल तर तेवढाच, त्या झाकणाच्या आत.

अंबादास गेला. त्याच्या मुलानं, धनेशनं, मला मेलेल्या चार्जरांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. आठ वर्षं कोणी चावी दिली नाही. मग दिवाळीच्या साफसफाईत मला विकलं. एका दुकानदारानं मला घासूनपुसून काचेच्या कपाटात बसवलं आणि तिथून गौरांगनं घेतलं.

घेतल्याबरोबर त्यानं माझे सात फोटो काढले. वेळ मात्र मोबाइलमध्ये पाहिली! तेव्हाच मी ठरवलं, याला सुखानं राहू द्यायचं नाही. पट्टा काढून त्यानं नारिंगी चामड्याचा लावला. माझी पांढरी तबकडी मोरपंखी रंगवून आणली. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखा दिसायला लागलो मी. रोज त्याच्या मनगटात चावी रुतवून मी लाल वळ उठवायचो, तरी शहाणा होईना.

मग तो मला घेऊन त्याच गल्लीत गेला. रामराव आता नाही, दुकान त्याची मुलगी बेबी चालवते.

“आंटी, पीछे कांच लावून द्या ना. अंदर का सब दिसलं पाहिजे.”

“काहून? तुझ्या पोटात काय चाललंय ते दाखवतो का तू लोकांना? शर्टाला खिडकी लाव आधी.”

झाकण उघडून तिनं ते दिव्याखाली धरलं. मग म्हणाली, “हे तर बाबांचं अक्षर. चौऱ्याऐंशी, तेल. अठ्ठ्याऐंशी, चावी. एक्याण्णव, पाणी. अशा नऊ ओळी आहेत.”

“पर दुकानवाला तर बोलला, एकदा पण खुललं नाही!”

“मग हे नऊ वेळा कोण उघडून राहिलं होतं, भूत? आणि हे पाणी साधं नाही बरं. बरगीच्या माशानं गिळलं होतं याला. तीन दिवस. बाबांनी आतून खवला काढला होता.”

“आंटी, इतना भी मत फेको.” गौरांग हसला. “लिहिलंय कुठे मासा?”

मासा लिहायला जागा नव्हती, गाढवा! पण मला कोण विचारतं?

“पुराना ढक्कन फेकून द्या,” तो म्हणाला.

“फेकू? माझ्या बापाची वही आहे ती. आणि ऐक, याचा काठ झिजलेला आहे. काच घट्ट बसणार नाही. पाणी जाईल.”

“आप बस लगा दो जी.”

तिनं रागारागात काच बसवली आणि माझं झाकण स्क्रूच्या डब्यात आपटलं. तो खणकन आवाज मी अजून विसरलो नाही. आता माझं कोण खरं मानणार?

पंधराच दिवसांनी हा मित्रांसोबत बरगीला नावेत बसला. फोटोसाठी मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवला. घरी येईस्तोवर काचेतून माझी चाकं नाही, नुसती वाफ दिसत होती. मी चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडलो. अर्धा पाण्यानं आणि अर्धा, खरं सांगतो, खुन्नसनं.

“आंटी, बंद पडलं.”

“पडलं की पाडलं?”

बेबीनं एकेक चाक काढून पुसलं. गौरांग स्टुलावर मान खाली घालून बसला होता. शेवटी हळूच म्हणाला, “वो पुराना ढक्कन... आहे का अजून?”

“आहे. पण कोरल्याशिवाय लावणार नाही.”

तिनं बापाची सुई काढली आणि बराच वेळ खरवडत बसली. मग झाकण त्याच्या नाकासमोर धरलं. “वाच.”

त्याला मराठी समजतं, वाचताना अडखळतो. “पाणी... गौरांग... हट्टी.” त्याचे कान लाल झाले. “हे मिटवा ना, आंटी!”

“मिटत नाही ते. म्हणूनच सुईनं लिहितात.”

टक् करून झाकण माझ्या पाठीवर बसलं.

मित्रांनो, जुनं घड्याळ घ्याल तर पट्टा बदला, रंग बदला, मी शिव्या देईन पण चालत राहीन. आतलं लिहिलेलं तेवढं फेकू नका. आणि रोज सकाळी चावी द्या.

गौरांग आता देतो. म्हणून काही आमचं जमलं नाही. मी मुद्दाम दोन मिनिटं मागं राहतो. परवा तो मित्रांना छाती फुगवून सांगत होता, हे घड्याळ माशाच्या पोटात आठ दिवस होतं म्हणून.

आठ नाही, तीन. खोटारडा मेला!