पाल नव्हती, मी होते

मी रुचिताच्या लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बोलतेय. खालापूरजवळच्या तिच्या घरात, शोकेसमध्ये, तिच्या ट्रॉफीशेजारी पडून आहे. ट्रॉफी तिला कॉलेजात ‘धवल्यांचे जतन’ या प्रकल्पासाठी मिळाली. जतन मी करत होते.

धवले म्हणजे लग्नाच्या मांडवात गायची गाणी. ती गाणी येणारी गावात एकच बाई उरली, शेजारची गौराबाई. पुतणीच्या लग्नात तिनं हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले गायले. रुचितानं ते रेकॉर्ड करून माझ्यात ठेवले. दुसरीकडे कुठेच नाहीत.

मी आत सतत फिरते, फिरले की तापते. मला हवा लागते. रुचिताचा भाऊ कमलेश लॅपटॉप गोधडीवर ठेवून मॅच बघायचा, खालची जाळी पार बुजायची. भातझोडणीच्या दिवसांत धूळ बसू नये म्हणून आईनं चालू लॅपटॉपवर शाल पांघरली. माया होती ती. त्या मायेतच मी भाजले.

मग मी टकटक करू लागले. मला तेवढंच बोलता येतं.

“उद्या पेनड्राइव्हवर घेते सगळं,” रुचिता म्हणाली. मी टकटकले.

आईनं जमिनीवर बोटं वाजवली. “कृष्ण कृष्ण. बघ, पाल चुकचुकली. खरं होनार तुजं.”

“पालीला पन म्हाईत हाय, ही उद्या काय करत नाय,” कमलेश म्हणाला.

सगळे हसले. भिंतीवर पाल शोधली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मी थांबले.

भिसेगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, दुकानदार हर्षदनं लॅपटॉप उघडला, पंख्यातून भाताची कुसं काढली. “हिच्यासारखीच फिरणारी डिस्क घ्या, जागा जास्त मिळेल. नाहीतर एसएसडी. फिरत नाही, कमी तापते, फास्ट आहे.”

“फास्टवाली दे,” कमलेश म्हणाला.

“जुन्यातलं काही हवंय? मुंबईला पाठवावी लागेल. मिळेलच असं नाही.”

रुचिता म्हणाली, “राहू दे. प्रोजेक्टचा रिपोर्ट मेलवर आहे.”

परवा गौराबाई आली. “पाठवनीचा धवला मधीच तुटतो गं आता, पुडचं आटवत नाय. लाव जरा माजा.”

“काकी, ते गेलं. तू परत गा ना.”

“मांडव नाय तर धवला नाय. आमी असं बसून गात नाय.”

“मग कमलेशदादाच्या लग्नात?”

“तितं तं डीजे सांगितलाय तुमी. मी कुटं गाऊ, गोठ्यात?”

रुचितानं खाली पाहिलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं. “यात असेल अजून. उद्या पाठवते मुंबईला.”

गौराबाईनं मला हातात घेतलं, कानाशी धरलं आणि परत ठेवलं.

ऐकणाऱ्यांनो, तिचा गळा अजून माझ्यात असेल. आज न्या मला. रुचिता ‘उद्या’ म्हणाली तेव्हा मला पुन्हा टकटकायचं होतं, पण आता मला वीज नाही. नव्या डिस्कला तर आवाजच नाही. ती जाईल तेव्हा घरात पालसुद्धा चुकचुकणार नाही.