डावीकडची

तिने ताट अर्धं फिरवलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने हात मागे घेतला.

"आले का बटाटे?" तो खूश होऊन म्हणाला. "मघाशी नव्हते."

बटाटे मघापासून होते, ताटाच्या डाव्या अर्ध्या भागात. त्याने उजवीकडचा भात चाटूनपुसून संपवला होता आणि वर, हल्ली तू फार हात राखून वाढतेस, म्हणून कुरकुर केली होती. ताट फिरवायचं नाही, त्यांनाच मान वळवू दे, असं व्यायामाच्या बाईंनी बजावलं होतं. पण समोर नवरा अर्धपोटी उठतोय म्हटल्यावर कसले नियम घेऊन बसायचे!

आजारातून तो उठला खरा, पण डावी बाजू तिकडेच कुठेतरी विसरून आला. मेंदूतली एक नस तुंबली होती. डोळे धड होते. डावा हातही लुळा पडलेला नव्हता, ताकद होती त्यात. तरी तो मांडीवर पडून असायचा, परक्याने ठेवून गेल्यासारखा. मेंदूने त्या बाजूचं नावच टाकलंय, असं बाई म्हणायच्या. हा हात माझा आहे, हे ज्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरेल त्या दिवशी तो कामाला लागेल. फार उशीर झाला तर मात्र आखडून जाईल, मग काही खरं नाही.

दाढी तो अर्ध्याच चेहऱ्याची करायचा. शर्टाची एक बाही चढवून ऐटीत बसायचा. हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि ती हसायचीही. रडून काय डावी बाजू परत येणार होती? तिचं दुखणं वेगळंच होतं.

उभा जन्म त्याने पत्रे ठोकण्यात घालवला. बादल्या, पेट्या, डबे, जे म्हणाल ते. हातोडा उजव्या हातात, त्यामुळे उजवा कान कामातून गेला. म्हणून लग्न झाल्यापासून ती कायम त्याच्या डावीकडे. जेवताना, चालताना, निजतानाही. आता मात्र डावीकडे बसली की त्याच्या लेखी ती घरातच नसायची. आवाज ऐकू यायचा, तेव्हा तो उजवीकडच्या भिंतीकडे बघून म्हणायचा की अगं, आहेस कुठे, पुढे येऊन बोल की. उजवीकडे जाऊन बसावं तर दिसायची, पण बोललेलं त्याला कळायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मुलगा यायचा तो सरळ उजवीकडे खुर्ची ओढायचा. बापलेक हातवारे करून गप्पा मारायचे आणि मुलाला वाटायचं, आईनेही तिकडेच बसावं. ती हलायची नाही. बाईंनी डावीकडूनच बोलायला सांगितलं होतं, हे एक. दुसरं म्हणजे तिला हट्टच पेटला होता. इतक्या वर्षांची जागा, ती का सोडायची? त्याने वळून बघावं. पण तो वळत नव्हता, आणि हे तिला फार लागत होतं.

दुपारी बाई आल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे त्याचा डावा हात उचलून त्याच्यासमोर मधोमध धरला आणि करंगळीला चिमटा काढला. त्याचं बोट आक्रसलं. चेहरा मात्र शांत होता. मग कपाळाला आठी पडली.

"बाई, चिमटे काढू नका. तिला दुखतं."

"कुणाला?"

"बायकोला. तिचा हात आहे ना तो."

ती डावीकडेच बसली होती. ती हसणार होती, पण हसू बाहेर येईना. आजवर या माणसाने तिला हौसेने काही आणून दिलं नव्हतं, आणि दिला तो हात!

जाताना बाई दाराशी थांबल्या. असं होतं, म्हणाल्या. चिमटा बोटाला बसतो, पण दुखतंय कुणाला हे मेंदू ठरवतो. तुम्ही मात्र हो ला हो करू नका. दर वेळी सांगा, हात तुमचाच आहे म्हणून. तिने मान हलवली.

ती परत येऊन आपल्या खुर्चीत बसली. तो उजव्या हाताने तो हात कुरवाळत होता.

"गार पडलाय गं तुझा हात," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "किती वेळ पाण्यात असतेस!"

असं बोलणं त्याच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली होती! घटकाभर राहू दे हा हात माझाच, कुणाचं काय जातंय, असं तिला वाटलं. मग बाईंचा तो शब्द आठवला, आखडून जाईल.

"अहो, हा माझा नाही. तुमचाच आहे."

"काहीतरीच! मग तुझा कुठाय?"

तिने आपला हात त्याच्या उजव्या हातात दिला. त्याने तो चाचपला. तिचा हात मांडीवर आहे, मग हा कुठून आला, हे काही त्याला उमजेना. तो पत्र्याची कड तपासावी तसा बोटं सरकवत निघाला. मनगट, कोपर, दंड. बोटांमागून मानही वळत गेली. खांदा, मग कान. कानापाशी बोटं थांबली. तिच्या चष्म्याच्या दांडीवर दोरा गुंडाळलेला होता.

तो तिच्याकडे बघत होता.

"दांडी कधी तुटली?"

"तुम्ही पडलात त्या दिवशी. गडबडीत पायाखाली आला चष्मा."

"आणि हा दोरा? पत्रेवाल्याची बायको तू, लोक काय म्हणतील? आण इकडे."

तिने चष्मा काढून त्याच्या हातावर ठेवला. समोरचं सगळं पुसट झालं, त्याचा चेहरासुद्धा. त्याने चष्मा उलटसुलट केला, अंगठ्याने दोरा सोडवून पाहिला. दांडी घसरून मांडीवर पडली.

"एका हाताचं काम नाही हे," तो वैतागून म्हणाला. "माझा दुसरा हात कुठे गेला?"

"डावीकडे बघा."

त्याने मान खाली घालून बघितलं. तिला चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, पण त्याच्या मांडीवर काहीतरी हळूहळू दांडीकडे सरकत होतं. चष्मा परत मागायची तिला मुळीच घाई नव्हती.